इरूचे इवलेकेक आणि तुतीची परी

चांदवेल गावात टेकडीला टेकून एक पिटुकलं घर होतं. त्या घराच्या निळ्या खिडकीत नऊ वर्षांची इरू रोज संध्याकाळी आईची वाट बघत उभी राहायची. आई गावातल्या बेकरीत कामाला होती. ती घरी आली की तिच्या पदराला कधी वेलचीचा, कधी खरपूस लोण्याचा वास यायचा. इरू त्या पदरात नाक खुपसायची आणि म्हणायची, "आज नानकटाई! ओळखलं की नाही?"

इरू रांगत होती तेव्हाच तिचे बाबा देवाघरी गेले होते. तेव्हापासून घरात दोघीच, आई आणि इरू.

आणि त्या वर्षी आईचा पाय मोडला. बेकरीच्या पायऱ्यांवरून ती घसरली आणि मांडीपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर घालून घरी आली. बेकरीत दिवसभर उभं राहावं लागतं. मोडक्या पायानं कोण उभं राहणार? मालकांनी हळहळत दुसरी बाई ठेवली आणि आईला एक जुना, ठेंगणासा ओव्हन देऊन टाकला.

हळूहळू फडताळातले डबे हलके झाले. जेवताना आई म्हणायची, "इरू, तू खा गं, मला भूक नाही." इरू म्हणायची, "मलासुद्धा नाही." मग एकच भाकरी दोघींच्या ताटांमधून इकडून तिकडे फिरत राहायची.

एक दिवस शेजारच्या नलूमावशी आल्या. त्या गावच्या टपाल कचेरीत होत्या आणि त्यांच्याकडे एक पोपटी स्कूटर होती. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "वैजू, पाय मोडलाय, हात तर धड आहेत ना? बसून कपकेक कर. मी ऑनलाइन पेज काढून देते. हल्ली लोक घरबसल्या एका बोटानं केक मागवतात!"

"माझे केक कोण मागवणार, नलूताई?" आई हसून म्हणाली. पण तिचे डोळे किती तरी दिवसांनी चमकले होते.

पेजला नाव इरूनं दिलं. कपकेक केवढे असतात? इवले इवले! म्हणून पेजचं नाव ठेवलं 'इवलेकेक'. आई स्टुलावर बसून पीठ फेटायची. इरू कागदी वाट्या मांडायची. ओव्हनच्या काचेतून दोघी बघत राहायच्या, आणि केकची गोल गोल डोकी वर यायची, जणू गोधडीतून बाळं डोकावताहेत.

केक सुरेख व्हायचे. पण फोटोत ते नुसते तपकिरी दिसायचे, मातीच्या ढेकळांसारखे. आठ दिवस झाले, एकही ऑर्डर आली नाही.

"रंग हवा गं जरासा," आई म्हणाली.

इरूला टेकडीमागची तुतीची बाग आठवली. ती बाग कुणाचीच नव्हती, म्हणजे सगळ्यांची होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर इरू वाटी घेऊन तिकडे गेली. झाडांखाली तुत्यांचा सडा पडला होता. लाल, काळ्या, गडद जांभळ्या! पानांमधून ऊन गळत होतं आणि प्रत्येक तुतीवर उन्हाचा एकेक थेंब चमकत होता. इरू फक्त खाली पडलेल्या तुत्या वेचत होती. फांदीवरच्या पाखरांसाठी असू देत, असं तिचं म्हणणं.

इतक्यात तिला बारीकसा हुंदका ऐकू आला.

तिनं पान उचललं. पानाखाली बोटाएवढी एक परी बसली होती. तिचा झगा कोवळ्या पोपटी पानांचा होता आणि केसांत चांदीचा बारीक चुरा पेरल्यासारखा लखलखत होता. पण तिचे दोन्ही पंख तुतीच्या रसात माखून एकमेकांना घट्ट चिकटले होते, आणि तिचे गालही जांभळे झाले होते.

"मी जास्त खाल्ल्या," परी मुसमुसत म्हणाली. "आणि मग लोळले. आता उडताच येत नाही."

इरूला हसू आलं, पण तिनं ते ओठांत दाबलं. कुणी रडत असताना हसायचं नसतं. तिनं परीला अलगद तळहातावर घेतलं आणि पाण्याच्या बाटलीतलं एकेक टिपूस सोडत तिचे पंख धुतले. मग हळूहळू फुंकर घालून वाळवले. खिशात आईनं दिलेला एक वेडावाकडा इवलेकेक होता. तिचा सकाळपासूनचा तेवढाच खाऊ. तो तिनं परीसमोर ठेवला. "भूक लागली असेल ना तुला, एवढं रडलीस तर."

परीनं एक कण चाखला. तिचे पंख थरथरले आणि जांभळे, गुलाबी, सोनेरी रंग त्यांच्यावरून सरसर धावले.

"मी तुतुली. या बागेची परी," ती म्हणाली. "तुला मी दोन इच्छा देते."

"आईचा पाय बरा कर!" इरू एका दमात म्हणाली.

तुतुलीनं मान खाली घातली. "ते मला नाही गं येत, सोनुल्या. रंग, वास आणि चव, एवढंच माझं राज्य. तुझ्या आईचं हाड आपल्या वेळेनं जुळेल. आणि माझ्या इच्छांना नियम आहेत, नीट ऐक. तळहातावर तुती ठेवून इच्छा बोलायची. बोललेली इच्छा परत घेता येत नाही. आणि खोट्याचा स्पर्श झाला की माझी जादू मिठासारखी विरघळते. विरघळली की गेलीच."

इरूनं डोळे मिटून विचार केला. मग वाटीतली सगळ्यात टपोरी तुती तळहातावर ठेवून ती म्हणाली, "आईच्या केकचा फोटो जो बघेल, त्याला त्या केकचा वास येऊ दे."

तुती चमचम चमकली आणि हातातल्या हातात उडून गेली.

त्या संध्याकाळी आईनं तुतीच्या रसात फेटलेली जांभळी साय केकवर गोल गोल चढवली. इरूनं फोटो काढून पेजवर टाकला. आणि काय सांगू! गावचे डॉक्टर दवाखान्यात फोन हुंगत बसले. शाळेच्या मोठ्या बाईंनी तर फोनला चष्मा टेकवला. "अगंबाई, लोणी! आणि ही वेलची!" आईचा फोन टुणटुण टुणटुण वाजू लागला. डॉक्टरांना बारा, मोठ्या बाईंना दोन डझन, वरच्या आळीतल्या बारशाला चाळीस. नलूमावशींची पोपटी स्कूटर खोके घेऊन गावभर भिरभिरली. घरातले डबे भरले. ताटात दोन दोन भाकऱ्या आल्या.

एक दिवस एका बाईंचा निरोप आला. 'राजहंसाचे केक करता का? लग्नासाठी खूप हवे आहेत.'

आई आतल्या खोलीत पाय वर करून पडली होती. इरू विचारात पडली. एवढी मोठी ऑर्डर मिळाली तर त्या पैशांवर आईला महिनाभर नुसती विश्रांती घेता येईल! तिनं इंटरनेटवर शोधलं. तिथं कुणा दूरदेशीच्या माणसानं केलेले केक होते, पांढरे, डौलदार, मान वाकवलेले राजहंस. इरूनं तो फोटो घेतला, 'इवलेकेक'च्या पेजवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आम्ही केलेले'.

फुस्स! फोनमधून जांभळ्या धुराची एक बट निघाली आणि विरून गेली. इरूनं घाईघाईनं जुना फोटो उघडून हुंगला. वास नव्हता. दुसरा उघडला. तिसरा उघडला. कशालाच वास नव्हता.

आई कुबडीवर टेकत बाहेर आली. तिनं फोन बघितला आणि हळूच विचारलं, "इरू, हे हंस आपण कधी केले गं?"

इरूचा बांध फुटला. तिनं सगळं सांगितलं, बाग, परी, इच्छा, नियम, सगळं. आई रागावली नाही. इरूचे डोळे पदरानं पुसून ती म्हणाली, "खोटं गिळता येतं, बाळा, पण पचत नाही. चल, आधी पेजवरचं नीट करू."

मग इरूनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'राजहंसाचा फोटो आमचा नव्हता. मी खोटं लिहिलं. आम्हाला हंस करता येत नाहीत. साधे केक येतात. मला माफ करा. इरू.'

लग्नवाल्या बाई दुसरीकडे गेल्या. मागोमाग इतरांचेही निरोप थांबले. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. ओव्हन गार, फोन मुका.

पहिली इच्छा गेली ती गेलीच, पण इरूपाशी अजून दुसरी होती. 'उद्या तुती घेऊन वास परत मागीन,' तिनं ठरवलं. आणि नेमका दुसऱ्या दिवशी सकाळी फोन एकदाच वाजला. टुण!

'मी नूपुर. टपाल कचेरीच्या मागे राहते. तुमच्या केकचा वास येतो असं सगळे म्हणत होते. मला तेव्हाही आला नव्हता. पण जांभळा रंग मला फार आवडला. एकच केक मिळेल का?'

"एका केकसाठी ओव्हन लावायचा, आई?"

"एका माणसाला भूक लागली तर चूल पेटवत नाहीत का आपण?" आई म्हणाली आणि तिनं पीठ चाळायला घेतलं. त्या एका केकवर तिनं सायीची पाकळी न् पाकळी काढली आणि वर एक तुती ठेवली.

केक घेऊन इरू स्वतः गेली. नूपुर तिच्याच वयाची होती, काडीसारखी बारीक, मोठ्ठ्या डोळ्यांची. तिची आई आत भाजी निवडत होती. नूपुरनं एक घास घेतला. "छान आहे," ती शहाण्या मुलीसारखी म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"खरंच छान लागला?" इरूनं विचारलं.

नूपुरनं दाराकडे बघितलं आणि कुजबुजली, "आईला सांगू नकोस हं. दिवाळीत मला खूप ताप आला होता ना, तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही. चवही कळत नाही. सगळं ओल्या कागदासारखं लागतं. आई रोज नवीन काहीतरी करते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते. मग मी म्हणते, छान आहे."

इरूनं डोळे मिटले. स्टुलावर बसलेली आई तिला दिसली, मुका फोन दिसला, गार ओव्हन दिसला. इच्छा एकच उरली होती. मग तिनं नूपुरच्या हातातल्या केकवरची तुती उचलली आणि आपल्या तळहातावर ठेवली. ती स्पष्ट बोलली, "नूपुरला वास आणि चव परत मिळू दे."

तुती लखलखली. खोलीभर जांभळा, सोनेरी चुरा भुरभुरला.

नूपुरचं नाक हललं. तिनं केक नाकाशी नेला. "लोणी!" ती ओरडली. "लोणी आहे हे! आणि वेलची, आणि... आणि आंबटगोड काहीतरी!" तोंडाला साय फासून ती घरभर धावत सुटली. तिनं भिंत हुंगली, साबण हुंगला, मेथीची जुडी हुंगली आणि शेवटी आईच्या कुशीत शिरून दीर्घ श्वास घेतला. "आई, तुझा वास! तुझा वास येतोय गं मला!"

तिच्या आईच्या हातातली भाजी गळून पडली. ती लेकीला पोटाशी धरून हसत रडत राहिली. इरू दाराशी उभी होती. तिला अगदी हलकं हलकं वाटत होतं.

त्या दुपारी नूपुरनं 'इवलेकेक'च्या पेजवर लिहिलं, 'आधी लोणी लागतं, मऊ, उशीसारखं. मग वेलची गुदगुल्या करते. मग तुती येते आणि जिभेवर टुणकन उडी मारते. मी खोटं नाही सांगत. आणि इरूही खोटं सांगत नाही, चुकली तर चुकले म्हणते.'

लोकांनी ते वाचलं आणि तोंडाला पाणी सुटलं. डॉक्टरांनी परत सहा मागवले. मोठ्या बाईंनी निरोप पाठवला, 'हंस नकोत, साधेच द्या.' टुण... टुण... फोन आता सावकाश वाजायचा, पण रोज वाजायचा. गुढीपाडव्याच्या सुमारास आईचं प्लास्टर निघालं आणि ती ओव्हनपाशी उभी राहून गाणं गुणगुणू लागली.

एके दिवशी सकाळी खिडकीच्या कठड्यावर तुतुली येऊन बसली. इरू आनंदानं धावली. परी मात्र गंभीर तोंड करून म्हणाली, "मी आज ऑर्डर द्यायला आलेय. बागेत आमच्या राणीचा वाढदिवस आहे. मोहरीएवढे चौदा इवलेकेक हवेत. संध्याकाळपर्यंत मिळतील ना?"

आईनं डोळे चोळले, मग पदर खोचला. मायलेकींनी टाचणीच्या टोकानं पीठ घातलं आणि काडीच्या टोकानं साय लावली. चौदा केक आईनं कुंकवाच्या चांदीच्या करंड्यात मांडले. तुतुली करंडा कवटाळून भुर्रकन उडाली.

"इरू," आई म्हणाली, "करंडा परत आणून द्यायला सांगितलंस ना?"

करंडा दुसऱ्या दिवशी पहाटे आला. तुतुलीनं तो कठड्यावर ठेवला. "भरून दिलेलं भांडं रिकामं कसं परत करायचं?" ती म्हणाली. आत चिमूटभर जांभळी पूड होती, साखरेहून बारीक, चांदण्याहून चमकदार. "ही केकवर भुरभुरवा. कितीही वापरलीत तरी सरायची नाही. दोघींनी पोटभर खा, आणि येईल त्याला खाऊ घाला."

सूर्याचा पहिला किरण खिडकीत आला. तुतुलीनं इरूच्या नाकाच्या शेंड्यावर एक पापा दिला, त्या किरणावर पाऊल ठेवलं आणि सोनेरी, गुलाबी, जांभळी होत होत उजेडात मिसळून गेली.

आईनं ओव्हन लावला. इरूनं कागदी वाट्या मांडल्या. अशी ही गोष्ट तिथं फुलली, भाजली, गरमागरम खाली उतरली; ज्यांनी सांगितली आणि ज्यांनी ऐकली, त्या साऱ्यांचं तोंड गोड होवो.