धुकोबाचे शिरवाळे

एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावावर धुकं उतरलं आणि ते जाईचना. तसं धुकं यायचं, उन्हं वर आली की निघून जायचं. हे आपलं बसूनच राहिलं.

त्या गावाला एक राजा होता. राजा म्हणजे कसा, मुकुट घरात खुंटीला आणि स्वतः होडीत. सगळ्यांबरोबर तोही मासे मारायला जायचा. धुकं आलं त्या पहाटे तो असाच गेला होता. सोबत बाळगो तांडेल आणि बाकीचे गडी होते. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या, बरं का. आता धुक्यात त्यांना किनारा दिसणार कुठून? ते तिकडे गोल गोल फिरत राहिले. होडीत पिण्याचं पाणी एक कळशीभर. घरी राणी शेवंती, तिची सासू आणि छोटी लेक बायो. राणी दारात जायची, आत यायची, परत दारात जायची.

गावात तर नुसता गोंधळ. कोंबडा दुपारी आरवला, मग त्यालाच लाज वाटली. शेजारच्या काशीकाकूंची शेळी राणीच्या गोठ्यात आणि राणीची म्हैस काकूंच्या पडवीत. सासूबाई नातीच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या होत्या, पाहतात तर मांजर.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक पाहुणा उभा राहिला. करडा, गुबगुबीत, आणि त्याला कडाच नव्हती. कुठे संपतो तेच कळेना. घाबरू नका रे, वाईट नव्हता तो.

"मी धुकोबा," तो म्हणाला. "जेवायला वाढा. पोट भरलं की उठेन."

"आणि नाही भरलं तर?" राणीनं विचारलं.

"तर बसलोय," असं म्हणून तो पाटावर बसला. पाट दिसेनासा झाला.

राणीला कळलं. हा उठला तरच धुकं उठेल, आणि धुकं उठलं तरच होडी घरी येईल. तिनं पदर खोचला.

मग तिनं बांगड्याचं कालवण केलं. वाटलेलं ओलं खोबरं, वर ठेचलेली तिरफळं. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि गुलाबी सोलकढी. केळीच्या पानावर वाढलं. धुकोबानं एक घास घेतला आणि पान पुढे सारलं.

"चव नाही," म्हणाला.

"मीठ कमी पडलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

"छे, जास्त पडलं," काशीकाकू म्हणाल्या. त्या शेळी न्यायला आल्या होत्या आणि म्हशीची दोरी धरून उभ्या होत्या.

राणीनं चाखून पाहिलं. तिला वाटलं कमी आहे. परत चाखलं. वाटलं जास्त आहे. मग तिला काहीच कळेना.

मग तिनं आंबोळ्या घातल्या, जाळीदार, आणि काळ्या वाटाण्याचं सांबार केलं. धुकोबानं एक तुकडा मोडला आणि पान सारलं. "चव नाही."

"तिखट घाल गो," सासूबाई म्हणाल्या.

"तिखट काढ," काशीकाकू म्हणाल्या.

"घातलेलं तिखट काढतात कसं, ते तरी सांगा," राणी म्हणाली.

मग तिनं हळदीच्या पानात पातोळ्या उकडल्या. घरभर असा वास सुटला की मांजरसुद्धा उठून बसलं. धुकोबानं पान उघडलं, हुंगलं आणि परत मिटलं.

आता काय करायचं? राणी चुलीपुढे बसली. तिला वाटलं, माझ्या हातालाच काही झालंय. कळशीतलं पाणी संपत आलं असेल, हेही तिच्या मनात आलं. तिनं एक पातोळी बायोपुढे ठेवली. बायोनंही ती सारली.

"तुला काय झालं?"

"भूक नाही."

"रोज तर चार खातेस."

"रोज खेळते ना मी," बायो म्हणाली. "धुक्यात तू सोडत नाहीस. नुसतं बसून कशी भूक लागेल?"

राणीनं बायोकडे पाहिलं. मग पाटावरच्या धुकोबाकडे पाहिलं. तो आला तसा नुसता बसून होता. तिनं पटकन तांदळाच्या पिठाचे गोळे वळले, उकळत्या पाण्यात सोडले, आणि कोपऱ्यातला लाकडी साचा ओढून आणला. शिरवाळ्यांचा. गरम गोळा साच्यात घालायचा, वरून दांडा दाबायचा, की खालून पांढरे शिरवाळे पडतात, लांब लांब. पण हे एकट्याचं काम नव्हे. एकानं दांडा दाबायचा, दुसऱ्यानं खाली ताट फिरवायचं. घरी दांडा राजाच दाबायचा.

"पाहुणे, उठा," राणी म्हणाली. "दांडा धरा."

"अगो, पाहुण्याला कामाला लावतेस?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. लावला तो मांजराच्या कपाळाला.

धुकोबाही गोंधळला. "मी? मला कुणी काही धरायला सांगितलं नव्हतं कधी."

"गोळे निवले की दगड होतात. धरा लवकर."

पहिल्यांदा त्याचे हात दांड्यातून आरपार गेले. दुसऱ्यांदा निसटले. तिसऱ्यांदा त्यानं असा जोर लावला की दांडा करकरला आणि शिरवाळे पडायला लागले. ताट भरलं. परात भरली. बायो टाळ्या वाजवायला लागली. राणी गोळे घालतेय, धुकोबा दाबतोय, आणि शिरवाळ्यांचा एक दोरा जो निघाला तो तुटेचना. उंबऱ्यावरून गेला, माडांमधून गेला, वाळूवरून सरळ समुद्रात.

आणि धुकोबाला घाम फुटला. टप टप पाणी गळायला लागलं. जसा घाम गेला तसा तो बारीक झाला. मग पहिल्यांदाच त्याच्या मागची भिंत दिसली.

तिकडे होडीत काय चाललं होतं? राजा म्हणत होता गाव डावीकडे, बाळगो म्हणत होता उजवीकडे. तेवढ्यात बाळगोच्या हाताला काहीतरी पांढरं लागलं.

"कुणाचा गळ आलाय बघा," तो म्हणाला. मग त्यानं ते चाटलं. "राजानू, हा गळ नाही. हे शिरवाळे आहेत. अजून गरम आहेत."

राजानं एक टोक तोंडात घातलं. "ही आमच्या साच्याची जाडी," तो म्हणाला. "खा रे, थांबू नका."

मग सगळे एकामागून एक तो दोरा तोंडानं ओढायला लागले. जितका आत ओढायचा, तितकी होडी पुढे. सुर्रकन ओढला की होडी हातभर पुढे. असे ते खात खात निघाले. वाळू लागली, उतरले, तसेच खात चालत आले. राजा उंबरा ओलांडून आत आला तो दोरा तोंडातच धरून, थेट साच्यापाशी.

राणीनं त्याच्याकडे पाहिलं. आणि ती म्हणाली काय, "हात धुऊन या. पाहुणा उपाशी आहे."

खरंच, धुकोबा दांड्याला टेकून धापा टाकत होता. "वाढा हो," तो हळूच म्हणाला. "पोटात काहीतरी ओरडतंय."

बायोनं त्याला ताट दिलं. शिरवाळे, वर नारळाच्या दुधाचा गूळ घातलेला पिवळा रस. धुकोबा जेवला. परत मागून जेवला. मग कालवण जेवला, आंबोळ्या जेवला, पातोळ्या जेवला.

"मीठ कसं आहे?" राणीनं भीत भीत विचारलं.

"बरोब्बर," धुकोबा म्हणाला. मग त्यानं एक ढेकर दिली. तिचा वारा सुटला, माड हलले आणि समुद्रावर ऊन पडलं. पाटावर थोडंसं दव उरलं, बस्स.

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला, या वेळी बरोबर सकाळी. काशीकाकूंना शेळी मिळाली. आणि त्या घरी पाहुणा आला की आधी त्याच्या हाती साच्याचा दांडा देतात, मग पान मांडतात.

त्यांचं जेवण त्यांच्या पोटात गेलं. आता तुमची झोप तुमच्या डोळ्यांत येऊ दे. चादर वर घ्या. हो, कडी लावलीय मी. दोनदा पाहिली. निजा.