कानाची विहीर

पुन्हा मलाच बसवलंत ना काठावर? गावात शिकलेली माणसं काय कमी आहेत? पण त्यांना ऊन लागतं. मी चौथीत शाळा सोडली, मला सजवून सांगता येत नाही. जसं ऐकलं तसं सांगतो. मध्ये बोलू नका.

खाली बघा. पाणी कमरेइतकं उतरलंय, म्हणून तळाशी पूर्वेच्या खडकात तो खळगा दिसतोय. माणसाचं डोकं टेकेल एवढा. त्याच्यावरून हिला कानाची विहीर म्हणतात. मघाशी वाटेत तुम्ही वाद घालत होता, अंगचं देणं मोठं की मेहनत मोठी. या विहिरीला दोन्ही लाभलं होतं. तरी जे झालं ते झालंच.

असं सांगतात, की फार पूर्वी या माळावर लागोपाठ तीन पावसाळे कोरडे गेले. ओढा आटला, जनावरं दावणीलाच मरू लागली. गावात यल्लू नावाचा विहिरी खोदणारा होता. तीस वर्षं त्याने पहार मारलेली, डाव्या हाताची दोन बोटं दगडाखाली गेलेली. आसपासच्या चाळीस विहिरी त्याच्या हातच्या. पण गावजेवणात त्याचं पान शेवटच्या पंगतीला, तेही मांडवाबाहेर.

आणि ठकू होती. मेंढरं राखणाऱ्या विधवेची एकुलती पोर, वय सोळा. ती पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं लोक धरून चालतात. ठकूला खरंच कळायचं म्हणे. अनवाणी चालत जायची, एका जागी थांबायची, तळपाय गार पडले म्हणायची. घामाचा एक थेंब न गाळता ही पाणी दाखवायची आणि लोक तिच्या पाया पडायचे. यल्लूच्या मनात ते सलत राहायचं.

या जागी ती थांबली. पाटलाने विचारलं, "किती हातांवर?"

"ते नाही कळत, पाटीलबाबा. मला जागा कळते. खोली पहारीला विचारा."

"खेळ लावलाय काय, पोरी? अंगात जीव उरलेली माणसं गावात नऊ. ती कुठवर खोदत बसतील? आकडा सांग."

सगळं गाव अडून बसलं. शेवटी पोर आईकडे बघून म्हणाली, "वीस हात."

यल्लू हसला. "पायांनीच मोजलेस का गं?"

"तुम्ही खोदणार असाल तर लागेल, मामा," ठकू म्हणाली. "तुम्ही अर्ध्यात सोडत नाही."

दीड महिना खोदकाम चाललं. वीस हात भरले तेव्हा यल्लू एकटाच तळाशी होता. काळा खडक संपून तांबूस, मऊ दगड लागला होता. त्याने त्यावर तळहात ठेवला. उचलला तर ओलसर. तीस वर्षं पहार मारलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. अजून एक हात, फार तर दोन.

वरून पाटील ओरडला, "लागलं का रे?"

यल्लूला वाटलं म्हणे, आज हिचा आकडा खोटा पडू दे. चार दिवस हिला गावाच्या शिव्या खाऊ दे. मग मी माझ्या मनाने उतरेन, पाणी काढेन, आणि ते माझ्या नावाचं होईल.

तो ओरडला, "वीस भरले. ठणठणीत कोरडं!"

गाव चार दिवस थांबलं नाही. त्याच दुपारी ठकूला खाली सोडलं आणि दोर वर ओढून घेतला. "तुझं पाणी तूच काढ," पाटील म्हणाला. तिची आई काठावर डोकं आपटत होती, तिला नेऊन घरात कोंडलं. यल्लू तोंड उघडू शकला असता. पण खरं बोललो तर लोक मलाच खाली टाकतील, या भीतीने त्याची जीभ उचलेना.

पहिल्या दिवशी खालून हाका आल्या. "यल्लूमामा, इथं ओल आहे हो! पहार टाका!" पाटलाने यल्लूकडे पाहिलं. यल्लू म्हणाला, "घाबरून बोलतेय." दुसऱ्या दिवशी नुसता खरवडल्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी तोही नाही.

तेव्हा यल्लू उतरला. ठकू पूर्वेच्या खडकाला कान लावून बसली होती, डोळे उघडे. अंग गार. बोटांना नखं उरली नव्हती. नखांनी तिने तो खळगा कोरला होता. यल्लूने तिला बाजूला निजवलं आणि त्याच खळग्यात पहार घातली. अकराव्या घावाला पाणी फुटलं. तिला खांद्यावर घेऊन दोर धरेपर्यंत ते त्याच्या छातीला लागलं.

वर येऊन त्याने सगळ्यांसमोर खरं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि ते घागरी घेऊन त्याच्या शेजारून पुढे विहिरीकडे गेले. त्याला कुणी मारलंसुद्धा नाही. मरेपर्यंत तो विहिरी खोदत राहिला, पण हिचं पाणी त्याने तोंडाला लावलं नाही.

आजही आमच्याकडे विहीर खोदताना किती हात, हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. पायाळू मूल जन्मलं तर सुईण आईखेरीज कुणाला कळू देत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी घरचे तोंड बंद ठेवतात. एकाने मात्र आपल्या नातीचं पायाळूपण चावडीवर पेढे वाटून सांगितलं. मी म्हणालो, गप बस. तर चारचौघांत मला म्हणतो, "म्हाताऱ्या, जळतोस तू." गेल्या उन्हाळ्यात त्याने त्या सहा वर्षांच्या पोरीला तापल्या माळावर अनवाणी फिरवलं. तिने दाखवलं तिथे बोअर मारली, दीडशे फुटांवर धूळ बघून थांबवली. आता शाळेतली पोरं तिला दगड मारतात. ती घराबाहेर येत नाही. त्याने अजून माझी माफी मागितलेली नाही, आणि तिचीही नाही. त्याचं नाव ठेवा लक्षात. अंकुश नारायण खताळ.