हत्तीगवताची चिठ्ठी

"हाक मारली तरी ओ देत नाही, सर. दोनदा मारावी लागते. तुम्ही तरी सांगा तिला."

श्रीरंगचं हे बोलणं उल्काच्या कानी पडायला नको होतं. पण ती मागच्या ओट्यावर टिपकागद उन्हात पसरत होती, आणि खिडकी उघडी होती.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं. रमा. श्रीरंगला शोभेल असं. त्या दिवसापासून घरात जुनं नाव कुणी घ्यायचं नाही असं ठरलं, सवय व्हावी म्हणून. सवय सगळ्यांना झाली. तिला तेवढी व्हायची होती.

आत घारपुरे सर भिंग पुसत होते.

गवतं ओळखण्यात जन्म घालवलेला माणूस. श्रीरंग त्यांचा शेवटचा विद्यार्थी. कॉलेजातल्या वाळवलेल्या गवतांना नवी नावं लावायचं काम त्यांनी त्याच्यावर टाकलं होतं. तो आज ते पुरं करून दाखवायला त्यांच्या घरी आला होता. बायकोला सोबत आणलं होतं, पाया पडायला.

पाया पडून ती उठते न उठते तोच सरांनी तिच्या हातात गवतं दाबायच्या ओल्या टिपकागदांचा गठ्ठा दिला होता. "ऊन आहे तोवर वाळव."

सासरी आल्यापासून जो तो तिला 'तू बस' म्हणायचा. बसून बसून पाठीला कळ लागली होती. या म्हाताऱ्यानं काम सांगितलं, एवढ्यावरच ती त्याचे उपकार जन्मभर मानायला तयार होती.

"तिला काय सांगायचं ते मागाहून बघू," सर आत म्हणाले. "आधी हत्तीगवत काढ." मग खिडकीशी येऊन, "मुली, तूही ये. बघ."

कागदावर एक लांबलचक गवत तीनदा दुमडून शिवलेलं होतं. सरांनी भिंग तिच्याच हातात दिलं.

"काय दिसतं?"

"कणसाला केस आहेत..." ती चाचरली. "बाजरीसारखं वाटतं."

"बहीणच ती बाजरीची. दोघी आफ्रिकेच्या. बाजरी कधी आली ते कुणाला आठवत नाही, म्हणून ती आपली. हत्तीगवत काल-परवा आलं, म्हणून परकं. सकाळी चहा घेतलास ना? त्यातलं दूध शेजारच्या म्हशीचं. ती हेच खाते."

श्रीरंगला धीर निघेना. "सर, पेनिसेटम ही प्रजातीच मोडली आता. सगळी गवतं सेंक्रसमध्ये गेली."

"का मोडली?"

"सेंक्रसची कुसळं बुडाशी जुळलेली आणि पेनिसेटमची सुटी, असं मानत होते. पण थोडी जुळलेली, थोडी सुटी अशीही गवतं निघाली. मध्ये रेघ मारता येईना. डीएनए तपासला, त्यातही रेघ नव्हती."

"बरोबर."

श्रीरंग खुलला. "म्हणून सगळ्या कागदांवर नव्या चिठ्ठ्या लावल्या. हे बघा, सेंक्रस पर्प्युरियस."

सरांनी कोपऱ्यातल्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"जाड लागते."

"खाली जुनी आहे. पेनिसेटमची. चुकीची होती ना, म्हणून तिच्यावरच चिकटवली."

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर. एकसारखं दिसतं, सर."

"चिकटवायला खळ कशाची?"

"गव्हाची. तुम्ही शिकवली तशी."

"देव पावला, वाफेनं सुटेल," म्हणत सर स्वयंपाकघरात गेले. पातेलं वाजलं, शेगडी पेटली. दोघं मागोमाग गेली.

पाण्याला वाफ धरली तसा सरांनी कागदाचा कोपरा वाफेवर धरला. चिठ्ठीची कड त्यांच्या नखात येईना. त्यांनी श्रीरंगकडे पाहिलं, मग कागद उल्काकडे दिला.

तिनं केसातली पिन काढली. चिठ्ठीची कड फुगली तशी पिन अलगद आत सरकवली. माहेरी पोस्टाची तिकिटं सोडवताना ती अशीच श्वास रोखायची. नवी चिठ्ठी अख्खी सुटून तिच्या तळहातावर आली.

खाली तपकिरी झालेली शाई. पेनिसेटमचं नाव, ते सापडलं त्या ओढ्याचं नाव, आणि शेवटी बारीक अक्षरात: 'गवताचे एकच बेट दिसले. म्हशी खातात. जगेलसे वाटते.'

उल्कानं ते मोठ्यानं वाचलं.

"कुणाचं अक्षर?" श्रीरंगनं विचारलं.

"माझ्या गुरूंचं." सरांनी चिठ्ठीला हात जोडले. अगदी साधे, जेवायला बसताना जोडतात तसे.

"पण सर... नाव तर चुकलंच होतं."

"चुकलं होतं. त्याच नावानं शोधत शोधत तू या गवतापर्यंत आलास."

श्रीरंगनं उल्काच्या तळहातावरची नवी चिठ्ठी उचलली. पाणी खदखदत होतं.

"मग माझी चिठ्ठी काढून टाकू?"

"कशाला? तुझं बरोबर आहे. शेजारी लाव."

"शेजारी जागा..."

सरांनी कागद त्याच्यासमोर ओट्यावर पसरला. गवत सोडलं तर सगळा कोराच होता.

मग श्रीरंग बाहेर गेला आणि उरलेले कागद घेऊन आला. गठ्ठा मोठा होता. त्यानं वरचा कागद उचलून वाफेवर धरला.

"रमा, पिन दे जरा."

तिनं पिन त्याच्या हातावर ठेवली. हात मागे घेतला नाही.

"मी उल्का आहे," ती म्हणाली, दोघांनाही ऐकू जाईल अशी. "आता रमाही."