घरमालकाचे नोकर

“चोवीस तासांत घर खाली करा!” प्रेविटसाहेब दारातूनच ओरडले.

ते मेपल कॉलनीचे अध्यक्ष. आणि दार उघडणारी ओडेसा टॉलिव्हर ही त्यांचीच जुनी स्वयंपाकीण. अमेरिकेत तेव्हा गोऱ्यांची वस्ती वेगळी आणि काळ्यांची वेगळी. ओडेसा काळी, पण सहा वर्षं ती साहेबांच्या मागच्या खोलीत राहिली, तेव्हा कॉलनीला काही झालं नाही. तिचा नवरा ल्युशियस आणि दोन मुली शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. एक खोली, आणि सात बिऱ्हाडांत एक नळ! आता पोटाला चिमटा घेऊन नवराबायकोने याच गल्लीत घर घेतलं, मुलींची नावं इथल्या शाळेत घातली, आणि कॉलनीवर आभाळ कोसळलं.

“साहेब, माझ्या हातचं जेवण चालतं, मग माझा शेजार का चालत नाही?”

“ते कोर्टात सांग!”

कोर्टात न्यायाधीश बेकविथ यांनी कॉलनीचा करार मोठ्याने वाचला : ‘या कॉलनीत काळ्या माणसाने राहू नये. अपवाद फक्त घरमालकाच्या नोकराचा.’ काळा माणूसच घरमालक होईल, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं!

“बाई, अट स्पष्ट आहे,” न्यायाधीश म्हणाले. “ती मोडली असेल, तर आजच घर सोडावं लागेल.”

ल्युशियसने मान खाली घातली. ओडेसा मात्र ताठ उभी राहिली.

“मोडली नाही, महाराज! आम्ही नोकर म्हणूनच राहतो.”

“कोणाचे नोकर?”

“घर दोघांच्या नावावर आहे. हे घरमालक, मी यांची नोकर. पहाटे उठून यांचा डबा करते, कपडे धुते. आणि मी घरमालकीण, हे माझे नोकर. मी सांगितलं की छपरावर चढतात, कोळसा भरतात.”

“एक दिवस सुट्टी नाही, महाराज!” ल्युशियसला आता कंठ फुटला.

“अहो, हे तर नवराबायको आहेत!” प्रेविटसाहेब किंचाळले.

“नवऱ्याला नोकर ठेवू नये, असं करारात कुठे लिहिलंय, साहेब?”

न्यायाधीशांनी करार उलटून पाहिला, पालटून पाहिला. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं!

“बरं, आणि मुली?”

“त्या अजून कामात कच्च्या आहेत. उमेदवारीवर ठेवल्यात!”

न्यायाधीश असे खदखदून हसले की चष्मा टेबलावर पडला. “घर यांचंच! अट तंतोतंत पाळली आहे. प्रेविट, तुमच्या घरी तरी पाळली जाते का एवढी?” मग ओडेसाकडे वळून म्हणाले, “बाई, तुमच्या हुशारीवर मी खूश आहे. आणखी काही हवं असेल तर सांगा.”

“एकच, महाराज. माझी बहीण आणि तिचा नवरा, दोघंही एकमेकांचे फार इमानी नोकर आहेत. साहेबांच्या शेजारचं घर विकायला निघालंय...”

“याच अटीवर खुशाल घ्या!” न्यायाधीशांनी तिथल्या तिथे हुकूम लिहिला आणि शिक्का मारून तिच्या हातात दिला.