लाजाळू करवत

“पौर्णिमेच्या आत बिनआवाजाची करवत हजर कर, नाहीतर राजवाड्यामागचं घर रिकामं कर!”

तांबुळगड संस्थानचे अधिपती श्रीमंत भुजंगराव महाराज यांनी धोंडू मेस्त्रीला हे फर्मावलं, तेव्हा पौर्णिमा चार दिवसांवर होती. मेस्त्रीच्या तीन पिढ्या दरबारी सुतार म्हणून त्या घरात नांदल्या होत्या.

“आणि ती जागाही कमी खाणारी हवी,” महाराज पुढे म्हणाले. “सध्या कारखान्यात आम्हाला कोपर हलवता येत नाही!”

महाराजांना सुतारकामाचा नाद लागून सहा महिने झाले होते. तेवढ्या अवधीत त्यांनी एक स्टूल तयार केलं होतं. स्टुलाला चार पाय होते; त्यांतले कोणतेही तीन एका वेळी जमिनीला टेकत. राजवाड्याच्या तळमजल्यावरची एक खोली त्यांनी कारखाना म्हणून घेतली होती आणि मुंबईहून टेबल-करवत मागवली होती. टेबलाच्या मधोमध दात्यांची गोल चकती, खाली शिवणयंत्राला असतं तसं पॅडल.

अडचण एवढीच झाली, की वरच्या मजल्यावर राणीसाहेबांची दुपारची झोप उडाली. त्यांनी निरोप पाठवला, “हा गोंगाट थांबला नाही, तर आम्ही माहेरी जाऊ.” त्यांचं माहेर मोठं होतं. तिथे तोफाही जास्त होत्या.

महाराजांनी लगेच दुसरी, लहान करवत आणली. गोंगाट वाढला. मग विलायतेहून तिसरी आली. तिच्या कॅटलॉगात छापलं होतं की ही करवत मांजराच्या पावलांनी चालते. पहिल्याच दुपारी राणीसाहेबांनी पेट्या भरायला घेतल्या. सगळा आवाज करवतीचाच आहे, अशी कारखान्यात हजर असणाऱ्या अठराही मानकऱ्यांनी एकमुखाने ग्वाही दिली आणि दोष करवतींची निगा राखणाऱ्या धोंडू मेस्त्रीवर आला.

फर्मान ऐकून मेस्त्री घरी आला आणि सामान बांधू लागला.

त्याची मुलगी सारजा रोज कारखान्यातला भुसा शेगडीसाठी झाडून आणत असे. ती म्हणाली, “बाबा, आज भुसा किती निघाला, सांगू? ओंजळभर. आणि गुलाबाच्या पाकळ्या निघाल्या टोपलीभर.”

“मग मी काय करू? गुलकंद?”

“काही करू नका. ती पेटी आधी सोडा!”

पौर्णिमेच्या दुपारी कारखान्यात टेबलावर चादर घातलेली होती आणि शेजारी सारजा उभी होती.

“सरकार, करवत तयार आहे. पण औषधासारखं हिलाही पथ्य आहे.”

“कसलं पथ्य?”

“ही लाजाळू आहे. कापणाऱ्याखेरीज दुसरं माणूस खोलीत दिसलं, की ओरडते!”

कारभारी आबासाहेब पुढे सरसावले. “भलतंच! पॅडल मारायला दोन हुजरे नेमलेले आहेत. ते कोण मारणार?”

“सरकारांना पाय आहेत की.”

“आणि महाराजांचा घाम कोण टिपणार?”

“आधी येऊ तर द्या!”

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. हसू लपवायला तो पुरला नाही.

“ललकारीचं काय?” आबासाहेबांचा आवाज चढला. “प्रत्येक कापाला चोपदार ललकारतो, तुतारी वाजते, राजकवी कवन म्हणतात, आम्ही फुलं उधळून वाहवा करतो. ही पूर्वापार चालत आलेली रीत आहे!”

रीत सहा महिन्यांची होती. पण दरबारात तेवढ्यात पूर्वापार होता येतं.

“पुरे!” महाराज म्हणाले. “सगळ्यांनी हत्तीखान्यामागे जाऊन उभं राहा. पोरी, जमलं नाही तर घर गेलं, हे ध्यानात ठेव.”

“ठेवलंय, सरकार.”

दार बंद झालं. सारजा आणि मेस्त्री ओसरीवर थांबले. मेस्त्रीने डोळे मिटून घेतले. बराच वेळ गेला. तेवढ्यात वरून दासी धावत आली आणि म्हणाली, “राणीसाहेब विचारतात, अजून सुरुवात का होत नाही?”

त्याच क्षणी दार उघडलं. महाराज घामाघूम झाले होते, मिशांवर भुसा होता आणि दोन्ही हातांत सागवानी फळीचे दोन तुकडे होते.

“कापली! आम्ही कापली!” ते ओरडले. “आणि जागा तर इतकी, की अजून चार टेबलं मावतील! कुठल्या कारखान्याची ही करवत? चादरीखाली छाप सापडला नाही.”

“छाप पुसला गेलाय, सरकार. तुम्ही सगळ्यांत आधी आणलेली तीच ही.”

महाराजांच्या भुवया चढल्या. “आमचीच करवत आम्हाला नवी म्हणून दिलीस?”

“नवी कुठे म्हटलं? सरकारांनी बिनआवाजाची, जागा न खाणारी करवत मागितली. ती सरकारांकडे होतीच. मी फक्त तिच्यावरची अठरा माणसं काढली!”

वाहवा हासुद्धा एक आवाज असतो, हे महाराजांना जन्मापासून कोणी सांगितलंच नव्हतं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, इतकं की फळीचा एक तुकडा हातातून निसटला.

“मेस्त्री, घर तुझंच! कायमचं! आणि सारजा, हे कडं घे. आजपासून कारखान्याच्या दाराची मुखत्यार तू. आत कोण येईल, हे तू ठरवायचं.”

महाराज हसले, हे हत्तीखान्यापर्यंत ऐकू गेलं. का हसले ते कोणालाच कळलं नाही. पण आपलं कर्तव्य सगळ्यांना ठाऊक होतं. अठरा मानकरी धावत आले. “वाहवा! वाहवा!” चोपदार ललकारला, तुतारी वाजली, कवींनी सूर लावला.

दासी पुन्हा जिना उतरून आली. “राणीसाहेब विचारतात, जुनी करवत परत का लावली?”

“बघतेस काय, सारजा?” महाराज डोळे पुसत म्हणाले. “लाग कामाला!”