सावरघाटची ‘आणखी काय’ पेटी

बाजाराच्या तोंडाशी ही लाल, बिडाची टेलिफोनची पेटी दिसते ना? हिला आता पाटी लागली आहे: वारसा वास्तू, हात लावू नये. तुम्ही लावा खुशाल, फक्त दार आपटू नका. वायर केव्हाच तुटली, तरी आतल्या फळीवर रोज गुळाचे दोन खडे असतात. एक नाही, तीन नाहीत, दोनच. त्याचं असं झालं म्हणे.

समोर हौसा ढेबेचं गुळाचं दुकान होतं. तिची लेक चंद्रा मुंबईला दिलेली. दोनदा पाळणा हलला आणि दोन्ही वेळा रिकामा झाला. तिसऱ्या खेपेला हौसाने या पेटीपुढेच हात जोडले. लोक हसले, “मावशी, हा काय देव आहे?”

“निरोप आणतो ना? मग माझ्यापुरता देवच. चंद्रीचं सुखरूप कळू दे, बाजाराला गुळाची ढेप वाटीन.”

आठवडाभर ती जेवायलाही घरी गेली नाही, असं सांगतात. बुधवारी भर बाजारात घंटा खणखणली. हौसा चिकट हातांनीच धावली. पलीकडून जावई ओरडले, “मामी, मुलगी झाली! चंद्रा बरी आहे!”

बस्स! रिसीव्हर लोंबकळत सोडून बाई ढेप फोडायला पळाली.

शेजारचा इस्माईल शिंपी रिसीव्हर ठेवायला गेला, तर आतून जावयांचा आवाज चालूच. “मावशी, परत या! त्यांचं बोलणं संपलं नाही!”

हौसा ढेप तशीच टाकून परतली. मागेही दोन्ही वेळा चांगल्या निरोपाच्या पाठोपाठ वाईट निरोप आला होता. रिसीव्हर कानाला लावून तिने कसंबसं विचारलं, “आणखी काय?”

“मामी, अहो दुसरीही झाली! जुळ्या आहेत!”

हौसा रडली, हसली आणि इस्माईलला ओढून भर रस्त्यात गरगरा नाचली. बोलली होती एक ढेप, वाटल्या दोन. त्या दिवशी बाजारातल्या मुंग्यांचीसुद्धा दिवाळी झाली.

आजही सावरघाटात ‘आणखी काय?’ विचारल्याशिवाय कुणी फोन ठेवत नाही, मोबाईल असला तरी. आणि ती दुसरी? ती आजोळीच वाढली. फार बडबडी निघाली म्हणे. आलेल्या पाहुण्यांना या पेटीपाशी गाठते, गूळ हातावर ठेवते आणि तिच्या जन्माची ही गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नाही.

हं, घ्या गूळ. आणखी काय?