पंख्याची दोरी

छावणीतल्या नव्या कर्नल साहेबाला देशी शब्दांचं भारी वावडं. आल्या आल्या त्याने इंग्रजीत हुकूम डकवला: कचेरीत देशी शब्द उच्चारेल, त्याने दिवसभर छताचा पंखा ओढावा.

दुपारी हेडक्लार्क दामुअण्णा मोघ्यांच्या तोंडून ‘अरे देवा’ निसटलं. साहेबाने खुशीत दोरीकडे बोट दाखवलं.

अण्णांनी अदबीनं दोरी हातात घेतली. “ओढतो, साहेब. पण आधी नंबर आपला. सकाळी आपण ‘चिट’ मागितलीत, ती आमची चिठ्ठी. कागदावर नजर टाकताना ‘डेको’ म्हणालात, तो आमचा देखो.”

“छट्! हे आमच्या पलटणीतले शब्द!”

“असतील. मग हुकूमच एकदा वाचून दाखवा ना.”

साहेबाने ठसक्यात अस्सल इंग्रजीत सगळा हुकूम वाचला. शेवटचा शब्द आला, “पंखा.”

अण्णांनी दोरी अलगद पुढे केली.